दात, छातीचा घेर आणि वजनकाटा

ज्या घरात बोकड वाढतो, त्या घराला बहुधा त्याचे वजन ठाऊक नसते. तो कोणत्या रात्री जन्मला ते ठाऊक असते, त्याची आई कितव्या वेताची होती ते ठाऊक असते, जुळ्यातल्या दुसऱ्याला दूध कमी पडले तेव्हा बाटली कोणी धरली तेही आठवत असते. पण बाजाराच्या दिवशी व्यापारी पाठीवर हात फिरवतो, जबडा धरून ओठ खाली ओढतो, बोकड पुढच्या पायांवर उचलून पाहतो आणि एक आकडा बोलतो. त्या आकड्याला उत्तर द्यायला मालकिणीजवळ दुसरा आकडा नसतो. शेजारणीचा बोकड मागच्या बाजाराला कितीला गेला, एवढाच तिचा आधार. शेळीचे वय आणि वजन कसे ओळखावे हे सांगणारी ही पुस्तिका तिच्यासाठी लिहिली आहे, म्हणून पुस्तिकेची प्रस्तावना मी आनंदाने लिहितो आहे.

विषय छोटा वाटेल, पण तो छोटा नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात १४ कोटी ८८ लाखांहून अधिक शेळ्या मोजल्या गेल्या आणि त्यातल्या सुमारे १ कोटी ६ लाख महाराष्ट्रात होत्या. त्या मोठ्या फार्मवर नाहीत. घराच्या पडवीत, बांधावर, झोपडीशेजारच्या कुडाच्या गोठ्यात, दोन, चार, दहा अशा संख्येने त्या आहेत. शाळेची फी, दवाखाना, बियाणे, लग्नातला आहेर, यांतले काहीही अंगावर आले की त्यातली एक विकली जाते. म्हणजे विकणारी बाई निकडीत असते आणि घेणारा सवडीत. त्यात तिला मालाचे वजनही माहीत नसेल, तर सौद्यात तिच्या बाजूला काय उरले?

नाशिक जिल्ह्यापुरते बोलायचे, तर शेळी सगळीकडे आहे पण एकसारखी नाही. सिन्नरचा पूर्व भाग, येवला, नांदगाव, मालेगाव हा कमी पावसाचा पट्टा संगमनेरी शेळीचा. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे या जातीचे मूळ क्षेत्र. बहुतेक अंगाने पांढरी, कधी तांबूस वा काळ्या ठिपक्यांची, कान लोंबते, शिंगे मागे वळलेली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने या जातीवर बराच काळ काम केले आहे. पूर्ण वाढीचा संगमनेरी नर चाळीस किलोच्या आसपास भरतो, मादी तीसच्या आसपास. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या मुसळधार पावसाच्या डोंगराळ भागात गावठी, लहानखुऱ्या शेळ्या जास्त. आता दोन्हीकडे उस्मानाबादी आणि बाहेरून आणलेल्या जातींचा संकर झाला आहे. त्यामुळे निव्वळ उंची पाहून वय सांगण्याचा जुना अंदाज चालेनासा झाला. सुरगाण्यातली चारदाती, म्हणजे दीड-दोन वर्षांची, शेळी आणि येवल्यातले दहा महिन्यांचे संगमनेरी करडू शेजारी उभे केले, तर नवखा माणूस करडालाच मोठे म्हणेल.

म्हणून आधी तोंड पाहायचे.

शेळीच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. तिथे कडक हिरडी असते. पुढचे आठ दात असतात ते खालच्या जबड्यात, आणि वय वाचायचे ते या आठांवर. करडू जन्मते तेव्हाच त्यातले काही दिसतात आणि महिनाभरात आठही भरतात. हे दुधाचे दात: बारीक, अरुंद, पांढरेशुभ्र, टोकाशी नाजूक. असे तोंड असलेले जनावर आदत. मग मधली जोडी हलते, पडते आणि तिच्या जागी जवळजवळ दुप्पट रुंदीची, किंचित पिवळसर झाक असलेली पक्की जोडी येते. हे साधारण बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान घडते आणि जनावर दोनदाती होते. त्या जोडीच्या दोन्ही बाजूंचे दात दीड ते दोन वर्षांत बदलले की चारदाती. अडीच ते तीन वर्षांत सहादाती. साडेतीन-चार वर्षांत कडेची शेवटची जोडीही बदलते आणि आठही दात एका रांगेत येतात. मग म्हणायचे, शेळी जुळली.

जुळल्यानंतर दात वाढीवरून वय सांगत नाहीत, झिजेवरून सांगतात. आधी कडा बोथट होतात, मग दातांत फटी पडतात, मग दात लांबट आणि सैल दिसू लागतात, एखादा तुटतो, आणि शेवटी शेळी बोखी होते. इथे वर्षांचा हिशेब सैल होतो, कारण झीज चाऱ्यावर असते. नांदगावच्या धुळीच्या, खडकाळ रानात खुरटे गवत मुळापासून ओरबाडणाऱ्या शेळीचे दात लवकर झिजतात. बांधून, हिरवा पाला घालून पाळलेलीचे उशिरा. दात बदलण्याचा काळही सगळ्यांना सारखा नाही. उत्तम खुराकावरच्या बोकडाची मधली जोडी वर्षाच्या तोंडाशी येऊ शकते, दुष्काळात वाढलेल्याची दीड वर्षापर्यंत लांबते. पुस्तिकेतल्या तक्त्यात प्रत्येक अवस्थेपुढे महिन्यांचा एकच आकडा न देता सुरुवात आणि शेवट असे दोन आकडे दिले आहेत, ते याचसाठी. तक्त्यावर बोट ठेवून कोणी 'बरोबर पंधरा महिने' म्हणाला, तर त्यावर विश्वास ठेवू नका.

तोंड पाहण्याची रीतही शिकून घ्यावी लागते. बाजूला उभे राहून एका हाताने शिंगाचा बुडखा किंवा मान धरायची, दुसऱ्या हाताने खालचा जबडा हनुवटीकडून धरून अंगठ्याने ओठ खाली दाबायचा. एवढ्याने पुढचे दात दिसतात. बोटे आत, मागच्या दाढांकडे घालू नयेत. त्या दाढांच्या कडा धारदार असतात आणि शेळी चावली तर बोट फाटते. जबडा जोरात ओढूनही काही जास्त दिसत नाही, शेळी मात्र पुढच्या वेळी तोंड देत नाही.

बाजारात याच तोंडाची फसवणूकही होते. मधली दुधाची जोडी आधीच पाडायची आणि 'दात पडलेत, दोनदाती होतोय' असे सांगायचे. अशा तोंडात हिरडीवर मोकळी जागा असते, पण तिथून वर येणारी रुंद दातांची कड दिसत नाही आणि उरलेले सहा दात अगदी कोवळे, करकरीत असतात. खरोखरच दोनदाती होणाऱ्या जनावराची शेजारची जोडी थोडी तरी झिजलेली दिसते आणि नव्या दाताची कड हिरडीतून वर डोकावत असते. उलट बाजूनेही फसवणूक होते: जुळून चार वर्षे झालेली शेळी 'दुसऱ्या वेताची' म्हणून विकली जाते. घेणाऱ्या गरीब बाईचे यात फार नुकसान होते, कारण ती शेळी कोरडे गवत नीट चावू शकत नाही, दूध आटते, करडे अशक्त निघतात आणि दोन उन्हाळ्यांतच ती जाते. बचतगटाच्या कर्जावर घेतलेल्या शेळीच्या बाबतीत तर शेळी गेली तरी हप्ता राहतो. शेळी विकताना तोंड पाहता यावे याहूनही घेताना पाहता यावे, असे मला वाटते.

इथे थोडे जिल्ह्याबाहेर जातो, कारण वय ओळखण्याच्या या विद्येची दुसरी शाखा डोंगरी, रानटी शेळ्यांवर तयार झाली. नाशिकच्या सह्याद्रीत रानशेळी नाही. पश्चिम घाटात ती आहे ती थेट दक्षिणेला, निलगिरी ताहर. आणि मग एकदम हिमालयात आयबेक्स, मारखोर, हिमालयी ताहर. ब्रिटिश काळात या जनावरांच्या शिकारीला मोठा मान होता. लांब शिंगांच्या मापांची नोंदपुस्तके १८९२ पासून लंडनला छापली जात होती. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा अध्याय बंद झाला, आणि तो बंद झाला हे चांगले झाले. पण उत्तर अमेरिकेच्या पर्वतांत आजही परवान्याने डोंगरी बोकड मारला जातो. तिथे शिकाऱ्यासमोर अडचण अशी की शेळीलाही बोकडासारखीच शिंगे असतात आणि जनावर तीनचारशे मीटरांवर कड्यावर उभे असते. तोंड उघडून पाहण्याची सोय नाही. मग तो दुर्बिणीतून शिंगे पाहतो: बुडाशी जाड आणि सारख्या बाकाने वळलेली असतील तर नर, सडपातळ आणि टोकाशी एकदम वळलेली असतील तर मादी. थंडीच्या महिन्यांत शिंगाची वाढ थांबते, म्हणून दरवर्षी एक कडे उमटते. पहिले स्पष्ट कडे दुसऱ्या हिवाळ्यात येते, त्यामुळे कड्यांत एक मिळवला की वय मिळते. व्यालेली मादी चुकून मारली गेली तर लहानशा कळपाला वर्षानुवर्षे झळ बसते, म्हणून तिथे शिकाऱ्यांना हे ओळखण्याचे धडे दिले जातात. आपल्याकडे निलगिरी ताहरचे अभ्यासक हीच नजर गणतीसाठी वापरतात. वयस्क नराच्या पाठीवर खोगिरासारखा फिका पट्टा उमटतो, त्यावरून ते लांबूनच वयोगट लावतात.

हे सांगण्याचे कारण बाजारातलेच आहे. शिंगावरच्या वळ्या मोजून शेळीचे वय सांगणारे लोक आपल्याकडेही भेटतात. पण बर्फाळ हिवाळ्याने वाढ थांबवून उमटवलेले कडे वेगळे, आणि दख्खनमध्ये कधी आजारपणाने, कधी चाराटंचाईने, कधी गाभणपणात पडलेली वळी वेगळी. पाळीव शेळीच्या शिंगाला वर्षाचा नेम नाही. शिंग पाहून जनावराची जात आणि ते नर की मादी हे समजेल. वयासाठी ओठच खाली करावा लागेल.

आता वजन. वयापेक्षा इथे जास्त पैसा बुडतो.

डोळा पहिल्यांदा फसतो तो पोटाने आणि केसांनी. लांब पायांचा, केसाळ बोकड भारी वाटतो. ठेंगणा, रुंद छातीचा त्याच्याहून चार किलो जास्त भरतो. म्हणून काटा नसेल तिथे शिंप्याची टेप घ्यावी. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजायचा, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी. दोन्ही इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलो. घेर २८ आणि लांबी २६ असेल तर उत्तर सुमारे ३१ किलो येते. आता टेप सैल धरली आणि घेर २९ भरला, तर तेच जनावर ३३ किलोंचे होते. आवळून २७ केला तर २९ किलोंच्याही खाली जाते. घेराचा वर्ग होतो, म्हणून एका इंचाच्या चुकीने दोन किलो इकडेतिकडे होतात. जनावर सपाट जागेवर, चारही पायांवर सरळ उभे असावे, मान खाली गवतात नसावी, आणि टेप केसांत रुतेल इतकी घट्ट पण कातडी दाबणार नाही इतकी असावी. दोनदा मोजून मधला आकडा घ्यावा. गाभण शेळीला हे सूत्र लावू नये. सूत्र अंदाजाचे आहे, काट्याची जागा ते घेत नाही. पण नजरेच्या अंदाजापेक्षा ते कितीतरी बरे, आणि मुख्य म्हणजे ते दोघांनाही सारखेच दिसते.

टेपनंतर हात. बरगड्या संपतात त्याच्या मागे, कमरेवर कण्याच्या दोन्ही बाजूंना आडवी हाडे असतात. बोटांनी त्यांची टोके चाचपायची. टोके धारदार लागली तर जनावर खंगलेले. थोडे दाबल्यावर गोलसर लागली तर बरे. दाबूनही लागत नसतील तर चरबी जास्त. शेळी मेंढीसारखी पाठीवर फारशी चरबी धरत नाही, आत पोटात आणि छातीच्या हाडावर धरते, म्हणून छातीखालचे हाडही चाचपावे. पशुवैद्यक याला एक ते पाच गुण देतात. व्यापारी गुण देत नाही, पण त्याचा हात बरोबर त्याच दोन जागी जातो. पुढच्या बाजाराला तो हात कुठे जातो याकडे लक्ष द्या.

पोटातल्या पाण्याबद्दल मला थोडे कडक बोलायचे आहे. बाजाराच्या सकाळी बोकडाला मीठ चाटवून भरपूर पाणी पाजायचे, म्हणजे अंग भरलेले दिसते, ही युक्ती जुनी आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारापाणी मिळून जिवंत वजनाचा दहावा हिस्सा सहज असतो, कधी त्याहून जास्त. व्यापाऱ्याला हे पुरते माहीत आहे, म्हणून तो सगळ्यांच्याच बोकडांतून तेवढे आधीच वजा धरतो. ज्या बाईने पाणी पाजले नाही तिच्याही बोकडातून ते वजा होते. म्हणजे एकाच्या युक्तीचा भुर्दंड सगळ्या गावाला. याला उपाय एकच: सकाळी चरायला सोडण्याआधी, उपाशी पोटी वजन करायचे, आणि तसे केल्याचे चार लोकांत सांगायचे.

वजन कळले की पुढचा हिशेब सोपा आहे. साध्या पोसलेल्या बोकडाच्या जिवंत वजनापैकी ४५ ते ५० टक्के मटण निघते. तीस किलोंच्या बोकडाचे साडेतेरा ते पंधरा किलो. आपल्या तालुक्याच्या गावात त्या आठवड्यात मटण काय किलोने विकले जाते ते कोणालाही विचारता येते. त्या दराने गुणले की वरची मर्यादा समजते. त्यातून वाहतूक, कापण्याची मजुरी, खाटकाचा आणि मधल्या माणसाचा नफा वजा जाणार, आणि तो जायलाच हवा, कारण तेही राबतात. मुंडी, पाय, कातडे यांचे पैसे मात्र वेगळे मिळतात, ते विसरू नये. एवढा हिशेब डोक्यात असलेली बाई सौद्याला उभी राहिली, की बोलणे वेगळ्याच ठिकाणाहून सुरू होते.

जिल्ह्यात हा हिशेब सगळ्यात मोठ्या रकमांना लागतो तो बकरी ईदच्या आधीच्या दिवसांत, विशेषतः मालेगावात. कुर्बानीच्या बोकडाला वर्ष पूर्ण झालेले असावे लागते. तो आंधळा, लंगडा, रोगी चालत नाही, शिंग मुळापासून तुटलेले चालत नाही. वर्ष पूर्ण झाल्याची खूण म्हणून गिऱ्हाईक दोन दात मागते. पण वर सांगितल्याप्रमाणे, काही बोकडांचे वर्ष भरले तरी दात पडलेले नसतात, आणि चांगला बोकड केवळ आदत म्हणून मागे राहतो. इथे जन्माची नोंद कामी येते. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात कानात बारा अंकी बिल्ला नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीवर निर्बंध आले. हा बिल्ला करडू लहान असतानाच मारून घेतला आणि जन्मतारीख तेव्हाच नोंदवली, तर तो कटकटीचा न राहता उपयोगाचा होतो. दुसरी गोष्ट, ही ईद चांद्र पंचांगाने येत असल्यामुळे दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. शेळी पाच महिने गाभण राहते आणि बोकड वर्षाचा व्हायला हवा, म्हणून ज्या ईदला विकायचे तिच्या आधी किमान सतरा महिने शेळीला बोकड दाखवलेला असला पाहिजे. पुस्तिकेच्या शेवटी दिलेले कोष्टक हेच मोजून देते. मला ते सगळ्या पुस्तिकेतले सर्वांत उपयोगी पान वाटते.

एक प्रश्न मला नेहमी पडतो. याच जिल्ह्यात लासलगावला कांद्याचा ट्रॅक्टर काट्यावर चढल्याशिवाय पुढे सरकत नाही. कांदा, टोमॅटो, द्राक्ष, सगळे किलोवर. मग शेळीच तेवढी नगावर का? मला दिसणारे कारण असे की कांदा घेऊन येणारा शेतकरी पुरुष असतो, दहा जण एकत्र असतात, आणि दर पडला तर रस्ता अडवतात. शेळी घेऊन येणारी बाई एकटी असते, एक जनावर असते, आणि तिला संध्याकाळच्या एसटीने परत जायचे असते. हे बदलायला एकटीचे ज्ञान पुरणार नाही. सिन्नरला युवा मित्र या संस्थेच्या आधाराने शेळीपालक महिलांनी स्वतःची सावित्रीबाई फुले शेळी उत्पादक कंपनी उभी केली आहे. शेळ्यांच्या व्यवहारात बायका भागधारक म्हणून एकत्र येऊ शकतात, याचा दाखला जिल्ह्यातच आहे. असे गट इगतपुरीत, सुरगाण्यात, नांदगावात व्हायला हवेत.

पुस्तिकेबद्दल एक-दोन शब्द. भाषा साधी आहे आणि चित्रे मोठी आहेत. दातांची आठ चित्रे मुद्दाम प्रत्यक्षाच्या मापाची ठेवली आहेत, म्हणजे पान शेळीच्या तोंडाशेजारी धरून पाहता येते. ज्यांना वाचता येत नाही त्यांना चित्रे पुरतील. रोग, लसीकरण, चारा हे विषय जाणूनबुजून बाहेर ठेवले आहेत. त्यांवर चांगली पुस्तके आहेत आणि गावोगावचे पशुधन पर्यवेक्षक ते सांगतात. पैदाशीचा बोकड निवडण्याचे प्रकरण मला थोडे त्रोटक वाटले. दोनदाती होऊन गेलेला, जुळ्यातला, भरल्या छातीचा आणि गावाबाहेरून आणलेला बोकड घ्यावा व दोन वर्षांनी बदलावा, हे तिथे आले आहे; पण रक्ताच्या नात्यातल्या पैदाशीने करडे कशी खुरटतात हे आणखी विस्ताराने यायला हवे होते. पुढच्या आवृत्तीत ते येईल अशी आशा आहे.

वाचकांना एवढेच सांगतो की हे पुस्तक नुसते बसून वाचू नका. घरची एक शेळी धरा, तोंड पाहा, चित्राशी ताडा, टेप लावा, आकडा वहीत लिहा आणि महिन्याने पुन्हा मोजा. बचतगटात असाल तर गटाच्या पैशातून एक लटकता काटा घ्या. सगळ्या वस्तीला एक पुरतो. आणि जिल्ह्यातल्या बाजार समित्यांना माझी विनंती आहे की शेळ्या-मेंढ्या विकल्या जातात त्या आवारात तपासून शिक्का मारलेला, चालू स्थितीतला काटा बसवावा आणि त्यावर वजन करून घेण्याचे पैसे विकणाऱ्या बाईकडून घेऊ नयेत.